उपचार संपले, तेव्हा

स्तनाच्या कर्करोगावरच्या रेडिएशनच्या शेवटच्या दिवशी घरच्यांनी पेढे वाटले, आणि मी मात्र स्वयंपाकघराचे दार लोटून घेऊन रडले. शस्त्रक्रिया, केमोथेरपी, तपासण्या या ठरलेल्या वेळापत्रकाने मला वर्षभर धरून ठेवले होते. ते संपताच, आता आपल्यावर लक्ष कोण ठेवणार, ही भीती उघडी पडली. ‘सुटलीस बाई एकदाची,’ असे सासूबाई मायेने म्हणत, तेव्हा काय उत्तर द्यावे ते सुचत नसे.

माझी गाठ हार्मोनला प्रतिसाद देणारी असल्यामुळे त्या हार्मोनचा परिणाम रोखणारी टॅमॉक्सिफेनची गोळी किमान ५ वर्षे रोज घ्यायची आहे, आणि तिच्यामुळे ऐन थंडीतही अंगातून वाफा निघतात. काखेतल्या लसीका ग्रंथी काढल्याने डाव्या हाताला सूज येण्याचा धोका आहे, म्हणून त्या हातात घट्ट बांगड्या घालणे मी सोडले. मॅमोग्राफीची, म्हणजे स्तनांच्या एक्स-रे तपासणीची, तारीख जवळ आली की आठवडाभर झोप उडते. (साध्या पाठदुखीनेही रोग हाडांत तर पसरला नसेल ना, इथवर मन थेट धावते.)

आरशाशी समेट व्हायला सर्वांत जास्त वेळ लागला. व्रणावरून स्वतःचा हात फिरवण्याचे धैर्य आठ महिन्यांनी आले. समुपदेशक बाईंनी ‘धीट राहा’ असे सांगितले नाही, भीती वहीत लिहून काढायला सांगितली. धीट राहण्याच्या उपदेशाचा मला वीट आला होता, हे स्पष्टच लिहिते.

यंदा संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मी भराव घातलेली ब्रा कपाटातच ठेवली आणि काळी चंद्रकळा नेसून गेले.