आमची वाटचाल : बेंटोनाइटच्या पोत्यापासून नायलॉनच्या बुशपर्यंत

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत वडिलांची फाउंड्री होती. कच्छहून आलेल्या बेंटोनाइटच्या पोत्यांवर बसून मी शाळेचा अभ्यास केला. ओतकामाची वाळू साच्यात धरून ठेवते ती हीच माती. पुढे एम.एस्सी.ला कळलं, की तिच्या थरांच्या आत नायलॉन तयार करता येतं. तेव्हापासून तो विषय डोक्यातून गेला नाही.

हे काम १९८० च्या दशकात जपानमध्ये टोयोटाच्या संशोधकांनी केलं. बेंटोनाइटमधलं मुख्य खनिज मॉन्टमोरिलोनाइट. त्याचा एकेक थर जेमतेम १ नॅनोमीटर जाडीचा. थरांमधल्या सोडियमच्या जागी त्यांनी बारा कार्बनचं अमिनो आम्ल बसवलं, त्या फटीत कॅप्रोलॅक्टम, म्हणजे नायलॉनचा कच्चा माल, शिरू दिलं आणि तिथेच त्याचं नायलॉन-६ केलं. नायलॉनच्या रेणूंच्या साखळ्या वाढल्या तसे थर सुटे झाले. ५ टक्क्यांहूनही कमी मातीने, भाराखाली नायलॉन वाकायचं तापमान ६५ अंशांवरून १४० च्या पुढे गेलं. मोटारीच्या टायमिंग बेल्टचं कव्हर त्याचंच बनलं.

आम्ही कास्ट नायलॉनचे, म्हणजे साच्यातच तयार होणाऱ्या नायलॉनचे, बुश (फिरत्या दांड्याभोवती बसणाऱ्या नळ्या) आणि गिअर ओततो. म्हटलं, आपणही तीच माती घालू. पहिल्या बॅचेस साच्यातून चिकट लगदा होऊन निघाल्या. चूक माझी होती. टोयोटाच्या पद्धतीत ते आम्ल विक्रियेला हातभार लावतं. आमचा सोडियमचा कॅटॅलिस्ट, म्हणजे विक्रिया घडवणारा पदार्थ, मात्र आम्ल दिसताच मरतो. मग आम्ही आम्लाऐवजी क्वाटर्नरी अमोनियम हे आम्ल नसलेलं रसायन लावलेली माती घेतली.

तरी जुलैत पुन्हा माल बिघडू लागला. वडिलांच्या वेळचे एक साचेकाका रोज यायचे. ओव्हनमधून काढून ट्रेमध्ये गार होत ठेवलेल्या मातीकडे बघून ते म्हणाले, "मालक, पावसात आमी वाळूलाबी पाणी मोजून घालतो. अन् ही तुमी अशी उघडी ठेवलाय व्हय?" कोरडी केलेली माती तासाभरात हवेतली ओल परत घेत होती, आणि पाणी हा या कॅटॅलिस्टचा पक्का वैरी.

आता माती ओव्हनमधून थेट वितळलेल्या कॅप्रोलॅक्टममध्ये जाते. ते ६९ अंशांना वितळतं. त्यात ती तासन् तास घोटतो, मग व्हॅक्यूम लावतो, बुडबुडे थांबेपर्यंत. एका भांड्यात कॅटॅलिस्ट, दुसऱ्यात विक्रियेला वेग देणारा अॅक्टिव्हेटर. दोन्ही एकत्र करून १५० अंशांच्या साच्यात ओतलं की काही मिनिटांत जॉब पांढरा पडू लागतो. तो क्षण आजही मी चुकवत नाही.

पहिला चांगला तुकडा विद्यापीठात एक्स-रेला दिला. कच्च्या मातीचे थर सुमारे १.२ नॅनोमीटर अंतरावर असतात आणि आलेखावर तिथे ठळक शिखर येतं. आमच्या आलेखात थरांचं कुठलंच शिखर नव्हतं, नुसती सपाट रेघ होती. म्हणजे थर सुटे झाले होते. मी तो कागद घडी घालून खिशात ठेवला आणि थेट फाउंड्रीत वडिलांकडे गेलो.

माती आम्ही २ टक्क्यांवर ठेवतो. त्यापुढे रस दाट होतो, हवा बाहेर पडत नाही. साखर कारखान्यांसाठी छोटे बुश नियमित जातात. मोठ्या व्यासाच्या पुलीत मात्र मधोमध अजून बारीक पोकळ्या राहतात. सध्या साचा खालून भरून बघतोय.