पिवळ्या बाणामागून: पोर्तुगालमधली पायी वारी

पिवळा बाण स्पेनमधल्या सांतियागो या तीर्थाचा, निळा पोर्तुगालमधल्या फातिमा या तीर्थाचा. एकाच खांबावर दोन्ही, तोंडं मात्र विरुद्ध दिशांना. पोर्तोहून सांतियागो साधारण 240 किलोमीटर. आळंदीहून पंढरपूरला चाललेल्या माणसाला इथे आधी जाणवतो तो शुकशुकाट. दिंडी नाही, टाळ नाही, सामानाचा ट्रक नाही. पण कुंपणापलीकडून एखादी आजी ‘बों कामीन्यू’, म्हणजे ‘वाट सुखाची होवो’, म्हणते आणि ‘माऊली’ ऐकल्यासारखं बरं वाटतं.

वाटेतल्या बार्सेलुश गावाची कथा कोंबड्याची. फाशीची शिक्षा झालेला यात्रेकरू न्यायाधीशाला म्हणाला, मी निर्दोष असेन तर तुमच्या ताटातला भाजलेला कोंबडा आरवेल. आरवला! दुकानं रंगीत कोंबड्यांनी भरलीत; मला मात्र पडक्या राजवाड्यात ठेवलेला, ही कथा कोरलेला दगडी क्रूस जास्त आवडला.

पुढचा टप्पा लिमा नदीकाठच्या पोंत द लिमा गावाचा, चांगला तेहतीस-चौतीस किलोमीटरचा. शेताच्या कडेने मांडवांवर चढवलेल्या द्राक्षवेली, मका साठवायची दगडी पायांवरची कोठारं, आणि पायाखाली ग्रॅनाइट. ते फोटोत फार छान दिसतं, तळपायांना विचारा.

लिमा नदी म्हणजे विस्मृतीची नदी, ओलांडली की सगळं विसरायला होतं, अशी रोमन सैनिकांची समजूत. मग सेनापती एकटा पार गेला आणि पलीकडून एकेकाला नावाने हाका मारू लागला. नदीवरच्या पुलाच्या पलीकडच्या टोकाच्या कमानी रोमन, बाकी मध्ययुगीन. नगरपालिकेची यात्रेकरूंची धर्मशाळा, अल्बेर्ग, त्याच टोकाला. म्हणजे नदी ओलांडल्याशिवाय झोप नाही! यात्रेकरूचा पास दाखवायचा, शिक्का घ्यायचा, मिळेल त्या बंकवर पडायचं.

जेवायला काल्दू व्हेर्द: बटाट्याचं दाट सूप, त्यात केसासारखी बारीक चिरलेली हिरवी पालेभाजी. वर सॉसेजची चकती असते, तेव्हा शाकाहाऱ्यांनी आधीच ‘सें शोरीसू’, म्हणजे सॉसेजशिवाय, असं सांगावं. सूपच मांसाच्या पाण्यातलं नाही ना, हेही विचारावं. न मागता येणारे पाव, ऑलिव्ह, चीज फुकट नसतात. नको असेल तर हात लावू नये.

दुसऱ्या दिवशीचा लाब्रूजा डोंगराचा चढ सकाळीच उरकावा. वाटेत फ्रेंचांचा क्रूस लागतो. नेपोलियनच्या फौजेतल्या मागे राहिलेल्यांना गावकऱ्यांनी इथे गाठलं होतं. आज यात्रेकरू तिथे दगड ठेवतात. मीही ठेवला, नक्की कोणासाठी ते न ठरवता. उतार संपला की रुबियांइश. गाव विखुरलेलं, म्हणून पोचल्याबरोबर आधी रात्रीच्या जेवणाची चौकशी करावी, आंघोळ नंतर.