बोलका टाइपरायटर

न्यू जर्सीत भारतातून पाहुणे आले की त्यांना कुठे फिरवायचं हे ठरलेलं असतं. एक दिवस न्यूयॉर्क, एक दिवस ओक ट्री रोडवर चाट आणि खरेदी, आणि पाहुणे शाळेत शिकवणारे असतील तर वेस्ट ऑरेंजला एडिसनची प्रयोगशाळा. बल्बची गोष्ट सगळ्यांना पाठ असते, म्हणून मी बाहुलीची सांगते. १८९० साली एडिसनच्या कंपनीने बोलणारी बाहुली बाजारात आणली. धड धातूचं, आत छोटासा फोनोग्राफ आणि पाठीत हँडल. फिरवलं की बाहुली बालगीत म्हणायची. मेणावरचं ध्वनिमुद्रण लवकर झिजायचं आणि हँडल एका लयीत फिरवणं लहान पोरांना जमायचं नाही, त्यामुळे काही आठवड्यांतच विक्री बंद झाली. तिची वाचवलेली ध्वनिमुद्रणं आता इंटरनेटवर ऐकता येतात. रात्री एकट्याने ऐकू नका एवढंच सांगते.

त्यानंतर सत्तर वर्षांनी याच गावात आणखी एक बोलकं यंत्र तयार झालं, आणि मला खरं तर त्याच्याबद्दलच लिहायचंय. येल विद्यापीठात ओमर खय्याम मूर नावाचे समाजशास्त्रज्ञ होते (हो, नाव खरंच तेच). दोन-तीन वर्षांच्या मुलांना लिहिता-वाचता येईल का, हे ते तपासत होते, तेही कुणी न शिकवता. एडिसनच्या नावाने चालणाऱ्या इथल्या संशोधन प्रयोगशाळेतले अभियंते रिचर्ड कोब्लर यांनी त्यांच्यासाठी एक टाइपरायटर तयार केला. किंमत तीस-पस्तीस हजार डॉलर. १९६३ साली अमेरिकेत नवं घर साधारण १८,००० डॉलरला मिळायचं, म्हणजे बघा.

कनेटिकटमधल्या हॅम्डन हॉल या शाळेत मूर यांच्या छोट्या खोल्या होत्या. मूल आत जाण्याआधी त्याची नखं रंगवायचे. प्रत्येक बोटाला वेगळा रंग आणि टाइपरायटरवर त्या बोटाने दाबायच्या कळाही त्याच रंगाच्या. मूल हवी ती कळ दाबायचं, कागदावर अक्षर उमटायचं आणि यंत्र त्याचं नाव सांगायचं. बस, एवढंच. कितीही बडवलं तरी कळा एकमेकींत अडकायच्या नाहीत. जास्तीत जास्त अर्धा तास, आणि कंटाळा आला तर मूल केव्हाही उठून जायला मोकळं. शाबासकी नाही, चॉकलेट नाही, आईवडिलांना आत प्रवेश नाही. शेवटची अट आमच्या मराठी मंडळात मंजूर होणं अवघडच.

मग एके दिवशी न सांगता खेळ बदलायचा. समोर एक अक्षर दिसायचं आणि तेवढी एक कळ सोडून बाकी सगळ्या बंद. मूल आधी गोंधळायचं, इकडेतिकडे दाबून बघायचं आणि शेवटी आपलं आपणच ताडायचं की हा शोधायचा खेळ आहे. ते अंगवळणी पडलं की पुढे अख्खा शब्द, अक्षरं क्रमानेच दाबायची. त्यानंतर ऐकून लिहायचं, स्वतःचा आवाज भरून स्वतः ऐकायचा आणि मग तेच टाइप करायचं.

त्याच काळात कोसबाडला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ वारली पाड्यांवर अंगणवाडी भरवत होत्या. साधनं काय, तर शिंपले, बिया, पानं. मूल आपल्या कलाने शिकतं हे मूर यांचं तत्त्व ताराबाईंना नवं वाटलं नसतं. किंमत ऐकून मात्र त्यांनी कपाळाला हात लावला असता.

गंमत अशी की मूर यांच्याकडेही सुरुवातीला हे यंत्र नव्हतंच. होता साधा इलेक्ट्रिक टाइपरायटर, आणि शेजारी बसून अक्षराचं नाव सांगणारी एक शांत मदतनीस. यंत्र आलं ते तिच्या जागी. नंतर ते न्यूयॉर्क आणि शिकागोपर्यंत पोचलं, गरीब वस्त्यांतल्या मुलांसाठीही वापरलं गेलं, पण त्या किमतीत ते किती शाळांना झेपणार? सत्तरच्या दशकाअखेर चिप स्वस्त झाली आणि १९७८ साली टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सचं स्पीक अँड स्पेल पन्नास डॉलरच्या आसपास खेळण्यांच्या दुकानात आलं. ते स्पेलिंग विचारायचं आणि चुकलं की लगेच सांगायचं, चूक, पुन्हा कर. मला ते फारसं आवडत नाही. ती परीक्षाच झाली.

या जुन्या यंत्रांची एक गोष्ट मला पटते, ती म्हणजे ती बहिरी होती. बोलायची सगळी, पण मुलाचा उच्चार बरोबर की चूक हे एकालाही कळत नव्हतं. ते काम मुलाच्याच कानावर यायचं. आता माझ्या वर्गातल्या चार वर्षांच्या मुलांच्या हातात टॅबलेट असतो. तो ऐकल्यासारखं करतो आणि काहीही बोललं तरी टाळ्या वाजवतो, फुगे सोडतो. मूल फुग्यांकडे बघतं. आपण काय बोललो ते त्याने ऐकलेलंच नसतं.

हे मी वाचून सांगत नाहीये. आमच्या रविवारच्या मराठी शाळेत शिशुवर्ग माझ्याकडे आहे आणि माझ्या टेबलावर बेल अँड हॉवेलचं लँग्वेज मास्टर आहे, एका चर्चच्या जुन्या सामानाच्या विक्रीत मिळालेलं. वितभर लांब पुठ्ठ्याचं कार्ड, वर चित्र, खालच्या कडेला चुंबकीय टेपची पट्टी. खाचेत घातलं की कार्ड आपोआप सरकतं आणि दोन-तीन सेकंदांत शब्द ऐकू येतो. पट्टीवर दोन मार्ग असतात, एक शिक्षकाच्या आवाजाचा आणि दुसरा मुलाचा. मूल ऐकतं, खटका दाबून स्वतः म्हणतं, मग दोन्ही ऐकतं. मूर यांच्या यंत्रापुढे हे अगदीच किरकोळ, पण इथल्या शाळांतून वर्षानुवर्षं वापरलं गेलं.

रिकाम्या कार्डांवर आवाज भरला तो एका मुलाच्या आजीने. आजी सांगलीच्या, सहा महिन्यांसाठी आलेल्या. केळं, डोळा, बाळ, फळा असे शब्द काढले, कारण इथल्या मुलांचा 'ळ' हमखास 'ल' होतो. मी एकच शब्द म्हणा म्हटलं तरी आजींना नुसतं 'केळं' म्हणवेना. "केळं रे बाळा, के..." म्हणेपर्यंत कार्ड संपायचं. ते तसंच ठेवलं. आता अख्खा वर्ग केळ्याला "केळं रे बाळा, के" म्हणतो.

पण 'ळ' येतोय. एक मुलगी आजींचं ऐकते, स्वतःचं ऐकते, भुवया आक्रसते आणि कार्ड पुन्हा खाचेत घालते. मी गप्प बसते. तिला 'चुकलं' असं कुणी म्हटलेलं नसतं, तरी ती पुन्हा म्हणते. प्रत्येक मूल असं करत नाही, हेही सांगायला हवं. एकाने सगळ्या कार्डांवर स्वतःच्या मार्गात कुत्र्याचं भुंकणं भरून ठेवलंय, आणि त्याचा 'ळ' जिथे होता तिथेच आहे. त्याच्याशी मी गप्पा मारते, तेच त्याला मानवतं.

आता अडचण कार्डांची. रिकामी संपली आणि नवी कुणी बनवत नाही. जाड पुठ्ठ्याला टेप चिकटवून मी घरी करून पाहिली, चालतात. फक्त टेप पाव इंच रुंदीची लागते, कॅसेटची अरुंद पडते. तेव्हा माळ्यावर जुन्या स्पूलच्या टेपा पडल्या असतील तर कळवा. कोऱ्या असाव्यात. गाणी भरलेल्या नकोत, माझ्याच्याने पुसवणार नाहीत.