तुम्ही विचारलंत म्हणून: जुनी गाडी घेतल्यावर किती काम निघेल?

“गाडी आवडलीय, भावही पटतोय, पण घेतल्यावर किती काम निघेल?” जुनी गाडी घेणारे हे हमखास विचारतात आणि बहुतेकांना उत्तरात पार्टच्या किमती हव्या असतात. मी आधी उलट विचारतो: तो पार्ट बदलायला काय काय उतरवावं लागेल?

गिअरबॉक्सच्या बाजूचं क्रँकशाफ्टचं ऑइल सील घ्या. सील किरकोळ किमतीचं, पण तिथे हात पोचायला गिअरबॉक्स उतरवावा लागतो. एसीची कूलिंग कॉइल बऱ्याच गाड्यांत डॅशबोर्ड सोडल्याशिवाय निघत नाही. याउलट अल्टरनेटर महाग असला, तरी अनेक गाड्यांत पट्टा सैल करून मोजके बोल्ट काढले की बाहेर येतो. म्हणून गॅरेजमध्ये दर विचारताना पार्ट आणि मजुरी वेगवेगळी विचारा, आणि “हे उघडलंच तर सोबत काय बदलाल?” हेही विचारा. क्लचप्लेट शहाणा मेकॅनिक एकटी बदलत नाही. प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग हे क्लचचेच भाग आणि पाझरत असेल तर मघाचं क्रँकशाफ्टचं सील, सगळं एकाच मजुरीत उरकतो. अनेक डिझेल गाड्यांत ड्युअल मास फ्लायव्हील, म्हणजे इंजिनचे धक्के शोषणारं दोन भागांचं जड चाक, असतं. ते गेलं असेल, तर क्लचचं बिल बघताबघता दुप्पट होतं. आयडलिंगला (गाडी उभी, इंजिन चालू) किंवा इंजिन बंद करताना गिअरबॉक्सकडून खडखड आली तर तिथे शंका घ्या. क्लच घसरतोय का, हे मोकळ्या रस्त्यावर कळतं: वरच्या गिअरमध्ये मध्यम वेगाने जाताना अ‍ॅक्सिलरेटर दाबा. आरपीएम चढले आणि वेग मागेच राहिला, तर क्लचचा खर्च धरूनच बोला.

टायमिंग बेल्टच्या, म्हणजे इंजिनचे व्हॉल्व्ह पिस्टनच्या तालात उघडझाप करवणाऱ्या पट्ट्याच्या, बाबतीत मी कडक आहे. बदलण्याची मुदत गाडीच्या पुस्तिकेत असते. बऱ्याच इंजिनांत ती साधारण ६०,००० ते १,००,००० किलोमीटर किंवा पाच ते सात वर्षं, यांतलं जे आधी येईल ते. गाडी कमी फिरली म्हणून बेल्ट ताजा राहत नाही, रबर वयानेही संपतं. बहुतेक आधुनिक इंजिनांत बेल्ट तुटला की पिस्टन उघड्या व्हॉल्व्हवर आदळतात आणि हेड, म्हणजे व्हॉल्व्ह असतात तो इंजिनचा वरचा भाग, खोलावं लागतं. बदललेल्याचं बिल नसेल, तर बदललाच नाही असं समजायचं आणि बेल्ट, तो ताणून धरणारा टेन्शनर, त्याला वाट देणारी आयडलर पुली व त्याच बेल्टवर चालत असेल तर वॉटर पंप, असा पूर्ण सेट हिशेबात घ्यायचा. बेल्टऐवजी चेन असेल तर थंड इंजिन सुरू होतानाचे पहिले काही सेकंद कान द्या. खळखळ ऐकू आली तर चेन किंवा तिचा टेन्शनर थकलाय. यासाठी गाडी थंडच हवी. पोचल्यावर आधी बोनेटला हात लावून बघा. तापलेलं असेल तर पुन्हा या.

टायर आणि ब्रेक उघड्यावर असतात, त्यांचा हिशेब सोपा. टायरच्या कडेला ‘डॉट’ अक्षरांच्या ओळीत शेवटचे चार अंक बघा. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. नक्षी चांगली असूनही टायर म्हातारा निघू शकतो. मात्र फक्त आतली कड झिजली असेल तर खर्च टायरवर थांबत नाही: चाकांची अलाइनमेंट, चाक धरून ठेवणाऱ्या लोअर आर्मचे बुश, बॉल जॉइंट तपासायला लागतात. ब्रेक डिस्कवर किमान जाडी बहुधा कोरलेली असते, मोजून घ्या.

खरी भीती न दिसणाऱ्या खर्चाची. धूर निळा असेल तर इंजिन ऑइल जाळतंय. कूलंट घटत असेल आणि इंजिन तापल्यावरही गोडसर वासाचा पांढरा धूर येत राहिला, तर हेडखालचं सील, म्हणजे हेड गॅस्केट, गेलं असावं. गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड वाचणारा स्कॅनर लावाच, पण “एकही कोड नाही” एवढ्यावर खूश होऊ नका. रेडिनेस मॉनिटर (गाडीने स्वतःच्या यंत्रणा तपासल्याची नोंद) अपूर्ण दिसले, तर बॅटरी नुकतीच काढली असेल किंवा कोड नुकतेच पुसले असतील. इग्निशन ऑन केल्यावर एअरबॅगचा आणि इंजिनचा दिवा आधी लागलाच पाहिजे. लागलाच नाही तर कुणीतरी तो मुद्दाम बंद केलाय का, हे बघा.

आता बेरीज. आकडे समजण्यापुरते: एक गाडी १०० ला, दुसरी ११० ला. पहिलीला टायमिंगचा सेट ४ आणि क्लच ७, दुसरीकडे दोन्हींची बिलं आहेत. म्हणजे पहिली १११ ला पडली, शिवाय गॅरेजच्या फेऱ्या. दोन्हींचे टायर अर्धे झिजलेत? ते सोडून द्या. त्या वयाच्या गाडीच्या भावात तेवढी झीज धरलेलीच असते. संशयाच्या कामांत लोक शक्यतेने गुणतात: टर्बोला (इंजिनात जादा हवा भरणाऱ्या भागाला) १५ लागतील, शक्यता तिनात एक, म्हणून ५ धरा. पन्नास गाड्या घेणाऱ्या व्यापाऱ्याला हे गणित ठीक आहे. तुम्ही एकच घेणार, तुम्हाला १५ तरी लागतील नाहीतर शून्य. ते १५ झेपणार नसतील तर ती गाडी सोडा, भाव कितीही पाडून मिळो.

दर काढताना फक्त मॉडेलचं नाव सांगू नका, चासी नंबर द्या. एकाच मॉडेलमध्ये वर्षागणिक पार्ट बदलतात. कंपनीच्या खोक्यातला आणि तोच पार्ट बनवणाऱ्या पुरवठादाराच्या खोक्यातला, असे दोन्ही दर घ्या. क्लच, बेअरिंग, फिल्टरला दुसरा बहुतेकदा पुरतो. मॉडेल बंद झालं असेल, तर इंजिनच्या पार्टआधी हेडलाइट, काच, बंपर आणि इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल मिळतात का ते विचारा. इंजिनचे पार्ट पुष्कळदा इतर मॉडेलांशी जुळतात, हेडलाइट-बंपरसारखे सहसा जुळत नाहीत.