सातवीच्या पोरांना हे कशाला?

पालकसभेत विचारतात, स्टाफरूममध्ये विचारतात, परवा इथं कोल्हापुरात महाद्वार रोडला भाजी घेतानाही गाठून विचारलं, "मॅडम, सातवीच्या पोरांना कॅरेक्टरायझेशन कशाला? आधी एक वाक्य धड लिहायला शिकवा की." कॅरेक्टरायझेशन म्हणजे लिहिण्यातून माणूस उभा करणं, ते मी इंग्रजीच्या तासाला शिकवते. तुम्ही विचारलंत म्हणून एकदाच सांगते.

सिमिली, मेटाफर, पर्सोनिफिकेशन, म्हणजे आपले उपमा, रूपक, चेतनगुणोक्ती हे अलंकार, यांच्या व्याख्या मीही वर्षानुवर्षं फळ्यावर लिहून दिल्यात. 'लाइक' किंवा 'अ‍ॅज' दिसलं की सिमिली! पोरं 'आय लाइक मँगोज'खालीसुद्धा रेघ मारून आणायची. दहावीला कवितेच्या रसग्रहणात फिगर ऑफ स्पीच, म्हणजे अलंकार, लिहावीच लागते, त्यामुळे तेव्हा कुणी मला 'कशाला' म्हणून विचारलं नाही.

कॅरेक्टरायझेशन तसं उरकत नाही. 'तो कंजूष होता' असं लेखकानंच सांगून टाकलं तर ते डायरेक्ट. माणूस काय बोलतो, काय करतो, लोक त्याच्याशी कसे वागतात, यावरून आपण ताडायचं ते इनडायरेक्ट. म्हणून मी सांगितलं, घरातल्या एका माणसावर पाच वाक्यं लिहा, विशेषण एकही नको.

गंगावेशीत दूध कट्ट्यावर म्हैस आणून गिऱ्हाइकासमोर धार काढून देणाऱ्या एकाच्या मुलानं मोडक्यातोडक्या इंग्रजीत लिहिलं: बाबा धार काढतात. म्हशीशी बोलतात. पैसे दोनदा मोजतात. माझी फी वरच्या खिशात ठेवतात. घरी आल्यावर बोलत नाहीत.

एकाही क्रियापदाला 'एस' नव्हता. मी ते वर्गात वाचून दाखवलं.

त्याच आठवड्यात वडील आले. चपला काढून दारातच थांबले, 'आत या' म्हटलं तरी आले नाहीत. "म्हशीसंगं बोलतोय आन् घरात बोलत न्हाई, हे आख्ख्या वर्गाला वाचून दावलं?" मी म्हटलं, अहो, फीचा खिसा बघा ना, किती मायेनं लिहिलंय त्यानं. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "इंग्रजीत शब्द न्हाईत काय, बाप चांगला हाय म्हणायला?"

आहेत की. गुड आहे, काइंड आहे. ते वापरू नका असं मीच बजावलं होतं. दारात उभ्या माणसाला हे कसं सांगणार? मुलगा बाकावर खाली मान घालून बसला होता.

परीक्षेत 'माय फादर' आला. पोरानं लिहिलं, माझे बाबा दयाळू, कष्टाळू आणि प्रामाणिक आहेत. चूक एक नाही. पैकीच्या पैकी दिले. न देऊन सांगते कुणाला? इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टरनं १९२७ साली कादंबरीतल्या पात्रांची फ्लॅट आणि राउंड अशी विभागणी केली. एका वाक्यात मावतं ते फ्लॅट, पटेल अशा रीतीनं चकित करतं ते राउंड. मुलानं निबंधात बाप फ्लॅट करून टाकला. बापाला तोच हवा होता.

व्याख्या लिहून देणारी जुनी मी अजून आत बसलेली आहेच. म्हणते, माझ्या पद्धतीत कुणाच्या घरात शिरावं लागत नव्हतं. मी म्हणते, तुझ्या पद्धतीत तो म्हशीशी बोलणारा माणूस वहीत आला नसता. ती विचारते, यायलाच हवा होता का?

हल्ली घरातलं माणूस नको म्हणते. केएमटी बसचा कंडक्टर घ्या, गल्लीतले दुकानदार घ्या. पोरं भराभरा लिहितात, कुणाचा बाप येत नाही, आणि तपासताना मला जांभया येतात. धडा मात्र मी सोडलेला नाही. पुढच्या सभेत पुन्हा विचाराल, विचारा.