चेरुवत्तूरचं कंकण आणि पाण्यात गेलेले सहाशे रुपये

कंकणाकृती सूर्यग्रहणात कंकण पूर्ण झालं की चष्मा काढला तरी चालतो, असं आम्हाला गाडीत दोघांनी ठासून सांगितलं होतं. साफ चूक! ती सूट खग्रास ग्रहणाला, तीही सूर्य पूर्ण झाकलेला असेल तेवढ्याच क्षणांपुरती. कंकणाकृतीत चंद्र पृथ्वीपासून लांब असतो, म्हणून लहान दिसतो आणि सूर्याची कड बांगडीसारखी उघडीच राहते. तेवढी कडही डोळा जाळते. दृष्टिपटलाला वेदना नसतात, त्यामुळे जळताना कळतही नाही.

२६ डिसेंबर २०१९ चं ग्रहण बघायला केरळातल्या चेरुवत्तूरला जायचं होतं, आम्ही तिघं नेत्रावती एक्स्प्रेसने कण्णूरला उतरलो. हीसुद्धा चूकच. गाव कासरगोड जिल्ह्यात आहे, पय्यनूर किंवा कान्हनगडला उतरायला हवं होतं. पुढच्या गाडीभाड्याने खिसा हलका झाला तो वेगळाच.

पण खरा राग चष्म्यांचा. स्टेशनबाहेर एकाने दीडशेला एक असे चार चष्मे गळ्यात मारले. रात्री लॉजवर डोळ्याला लावून बघितलं तर ट्यूबलाइट स्वच्छ दिसत होती. चांगल्या ग्रहणचष्म्यातून सूर्याशिवाय जवळजवळ काहीच दिसता कामा नये. चारही तिथेच फाडून टाकले. पुण्याहून आणलेले आयएसओ १२३१२-२ या मानकाचे दोनच चष्मे होते, तिघांत पुरवले. एक्स-रेची फिल्म, काजळी धरलेली काच, ताटातल्या पाण्यातलं प्रतिबिंब, यातलं काहीही वापरू नका. वेल्डिंगची काच १४ नंबरचीच हवी. घरातला झारा मात्र न्याच. सूर्याकडे पाठ करून तो धरला की प्रत्येक भोकातून जमिनीवर एक चंद्रकोर पडते.

सूर्यग्रहणाचे वेध चार प्रहर आधी लागतात. ग्रहण सकाळी आठनंतर सुरू होणार, म्हणजे आदल्या रात्री आठपासूनच. आई तिकडे तुळशीपत्रं ठेवून बसली होती आणि सारखे फोन करत होती. तिची धनु रास. ग्रहण धनु राशीत, मूळ नक्षत्रात, केतुग्रस्त. त्यात रवी, चंद्र, बुध, गुरू, शनी, केतू असे सहा एकाच राशीत. कुणीतरी तिला षड्ग्रहीची भीती घातली होती. मी तिला सांगितलं, राहू-केतू म्हणजे सूर्याचा मार्ग आणि चंद्राचा मार्ग एकमेकांना छेदतात ते दोन बिंदू. अमावास्येला चंद्र तिथे आला की ग्रहण लागतं, ते राशी बघून लागत नाही. तिने जप केला, दान केलं, त्याला माझी हरकत नाही. गरोदर बाईला उपाशी अंधारात बसवायला मात्र माझा ठाम विरोध आहे.

साडेनऊच्या थोडं आधी उजेड पितळी झाला, अंगावर गारवा आला आणि कंकण जुळलं. सुमारे तीन मिनिटं. शेजारची म्हातारी हात जोडून उभी होती, माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि चष्मा देताना माझा हात थरथरत होता. त्याच सकाळी वायनाडात कल्पेट्ट्याला जमलेल्यांच्या वाट्याला ढग आले.

यापुढचं भारतातलं कंकण २१ मे २०३१ ला, कोट्टायम, थेनी, मदुराई या पट्ट्यात. मे अखेरीस केरळात ढग धरतात, म्हणून मदुराई गाठा. चष्मे घरूनच घ्या, माणशी एक आणि वर एक जास्तीचा. खायचं सोबत बांधून न्या, आम्हाला अकरापर्यंत चहासुद्धा मिळाला नाही.