मांडवा ते नागपूर: दोन इंजिनांच्या जुन्या बोटीची वरात

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात रात्री दहाला शिवमडक्याहून गाडी समृद्धीवर घातली. गाडीत तिघं: मी, माझा मेहुणा आणि आमच्या वाडीच्या वर्कशॉपचा मिस्त्री. डिकीत कॉम्प्रेशन गेज, प्लास्टिकचा हातोडा, दोन टॉर्च, जुने कपडे आणि यार्डवाल्यांसाठी संत्रा बर्फीचे दोन डबे. अलिबागकडच्या मांडव्याजवळ विकायला असलेल्या दोन बोटी बघायच्या होत्या. नागपुरात समुद्र नाही, हे मला आठवण करून देणारे निघेपर्यंत पंधरा-वीस जण भेटले. त्यात माझी आई दोनदा.

मेहुण्याचा भंडारा जिल्ह्यात एका जलाशयावर बोटिंगचा ठेका आहे, म्हणून परवानगी आणि किनाऱ्यावरची जागा हे दोन डोंगर आमच्यासाठी आधीच ओलांडलेले होते. तुमचे नसतील तर बोट बघायला निघूच नका, आधी ते करा. नागपूरच्या आसपास पाणी भरपूर दिसतं, पण पेंचचं मोठं पाणी व्याघ्र प्रकल्पात येतं, नवेगाव खैरी आणि गोरेवाडा शहराला पिण्याचं पाणी देतात. तिथे खाजगी इंजिनाची बोट हा विषयच नाही. बाकी धरणांवर जलसंपदा विभागाची लेखी परवानगी लागते. शिवाय 1917 चा जुना कायदा जाऊन आता इनलँड व्हेसल्स अ‍ॅक्ट, 2021 आला आहे, त्याखाली नोंदणी करावी लागते. आमच्या ओळखीच्या एकाने बोट आधी घेतली. ती दोन वर्षं झाली, हिंगणा रोडला ताडपत्रीखाली आहे.

समृद्धी नागपूरपासून आमण्यापर्यंत 701 किलोमीटर. पुढे भिवंडी, पनवेल, पेण, वडखळ करून मांडवा. सकाळी कार्ले खिंडीत चहा प्यायलो तेव्हा पाठ नावाचा अवयव शिल्लक नव्हता. मुंबईत काम असेल तर भाऊच्या धक्क्यावरून गाडीसकट रो-रो बोटीने मांडव्याला उतरता येतं, ते फार सुखाचं.

यार्डात पोचलो आणि पहिला पोपट झाला. बोट पाण्यात चालवून बघू, असं मी फोनवर ठरवलं होतं, सकाळी अकराची वेळही घेतली होती. अकराला खाडीत चिखल. बोट चिखलात बसलेली, बगळे तिच्याभोवती फिरताहेत. यार्डातला काका हसून म्हणाला, ‘‘शेठ, भरती किती वाजता ते बघितलं नाय?’’ आम्ही बोअरवेलची खोली विचारणारी माणसं, भरती कुठून बघणार! तर लक्षात ठेवा: एका भरतीपासून दुसरी साधारण सव्वाबारा-साडेबारा तासांनी, आणि रोज ती वेळ पाऊण-एक तासाने पुढे सरकते. भरतीची वेळ बघूनच ट्रायल ठरवा, आणि निदान दोन दिवस हाताशी ठेवा.

आमचा दिवस वाया गेला नाही. यार्डात फरशीवर उभी असलेली दुसरी बोट बघून घेतली. पांढरी, लाल पट्टा, पॉलिश असं की मिस्त्रीने तिच्यात बघून केस नीट केले. विकणारा एजंट इंजिनांवरच बोलत होता. मी हातोडा घेऊन मागे गेलो. बोटीची मागची भिंत, जिला ट्रान्सम म्हणतात, जुन्या बोटींत बहुतेक प्लायवूडची असते आणि दोन्ही बाजूंनी फायबरने मढवलेली. शिडीचे, ट्रिम टॅबचे (मागे खाली असणाऱ्या, बोटीचा तोल सावरणाऱ्या पट्ट्यांचे) स्क्रू ढिले झाले की पाणी त्या भोकांतून आत मुरतं आणि लाकूड आतल्या आत कुजतं. बाहेरून काहीच दिसत नाही. हातोड्याने हलकं ठोकत गेलं की चांगल्या जागी ‘टक’ येतो. शिडीच्या खाली ‘थप’ आला, ओल्या पोत्यावर मारल्यासारखा. मग मेहुण्याने एका बाजूचा आउटड्राइव्ह, म्हणजे इंजिनाची ताकद पंख्यापर्यंत नेणारा बाहेरचा भाग, दोन्ही हातांनी धरून वर-खाली हलवला आणि मी ट्रान्समवर तळहात ठेवला. भिंत हातात हलली. एवढ्या भिंतीवर दोन इंजिनांची सगळी ताकद येते. नमस्कार करून निघालो. एजंट अजून इंजिनांबद्दल बोलतच होता.

दुसऱ्या दिवशी, भरती बघून, कालची चिखलातली बोट, जी पुढे आमची झाली. 28 फूट लांब, 8 फूट रुंद, 1990 च्या आसपासची अमेरिकन बनावट. खोल ‘व्ही’ आकाराचा तळ, 5.7 लिटरची दोन व्ही-8 पेट्रोल इंजिनं, प्रत्येकी 260 अश्वशक्तीची. या खोल ‘व्ही’ तळाचं घराणं 1960 च्या मायामी-नासाऊ शर्यतीपर्यंत जातं. रे हंट नावाच्या डिझायनरच्या तळाची बोट तिथे खवळलेल्या समुद्रात पहिली आली आणि पुढची कितीतरी वर्षं सगळे तोच आकार काढत बसले. आमच्या जलाशयात लाटा वीतभर. पण हौसेला हिशेब नसतो, तो पुढे पेट्रोल पंपावर होतो.

आता मुद्द्याचं बोलतो, ज्यासाठी हे लिहायला घेतलं. एका इंजिनाची बोट बघताना आकडा बरोबर की चूक हे कळायला पुस्तक लागतं. दोन इंजिनांच्या बोटीत ते पुस्तक शेजारीच असतं. डावं आणि उजवं इंजिन एकाच वयाचं, एकाच पाण्यात तितकंच चाललेलं. मग त्यांच्यात फरक का आहे, हे विचारत सुटायचं. जुना मालक प्रत्येक खर्च दोनदा करायला कंटाळलेला असतो. जे बिघडलं ते बदलतो, जोडीदाराला ‘नंतर बघू’ म्हणतो. ते ‘नंतर’ तुम्ही विकत घेता.

इंजिन गार असतानाच पोचा आणि आधी हात लावून खात्री करा. आमच्यासाठी ती ‘जरा फिरवून’ ठेवायची तयारी चालली होती, काकाला बर्फी देऊन थांबवली. मिस्त्रीने सोळाही प्लग काढले, गेज लावून प्रत्येक सिलिंडरमधला दाब, म्हणजे कॉम्प्रेशन, मोजला आणि वहीत दोन रकाने पाडले. डावीकडे आठही सिलिंडर 150 ते 155 psi. उजवीकडे सात तसेच, पण मागून दुसरा 115. त्याने त्या भोकात चमचाभर ऑइल सोडून परत मोजलं. ऑइलने आकडा चढला असता तर दोष रिंगांचा. चढला नाही, म्हणजे व्हॉल्व्ह. शेजारच्या सिलिंडरचा आकडा चांगला होता, म्हणून हेड गॅस्केटवरचा संशयही कमी झाला.

व्हॉल्व्ह का गेला? इथे खाऱ्या पाण्याचं नाटक समजून घ्या. या जुन्या इंजिनांत समुद्राचंच पाणी आत खेचून इंजिन गार करतात आणि तेच पाणी एक्झॉस्टच्या धुरात सोडून बाहेर टाकतात. धूर आणि पाणी जिथे एकत्र येतात तो वरचा ओतीव बीडाचा तुकडा म्हणजे रायझर. त्याच्या आतली भिंत खाऱ्या पाण्याने वर्षानुवर्षं खाल्ली जाते. ती झिरपली की पाणी उलटं खाली उतरतं, थेट एक्झॉस्ट व्हॉल्व्हवर. बोट आठवडाभर उभी राहिली की तिथे गंज. मिस्त्रीने डाव्या रायझरवर हात फिरवला, ताजा रंग, बोल्ट स्वच्छ. उजव्याच्या जोडावर तपकिरी ओघळ, बोल्टांची डोकी गंजून गोल झालेली. ‘‘भाऊ, हे एकाच बाजूचं बदललं बे,’’ तो म्हणाला. मालकाला विचारलं तर त्याने सरळ कबूल केलं. माणूस भला होता.

पाण्यात तीच गोष्ट आकड्यांत दिसली. दोन्ही थ्रॉटल पूर्ण पुढे केल्यावर डावं 4500 आरपीएमला गेलं, उजवं 4100 वर अडलं. तापमानाचे काटेही वेगळे. ट्रायलमध्ये एकेक इंजिन बंद करूनही बघा. एका इंजिनावर अशी बोट घरी आणते, पण नाक वर करून पाण्यावर चढत नाही. ‘एक बंद पडलं तर दुसरं आहेच’ हे विकणाऱ्याचं वाक्य खरं आहे, फक्त वेगाची आशा धरू नका.

उजव्या इंजिनाचं हेडचं काम, दोन्ही बाजूंचे रायझर, दोन्ही आउटड्राइव्हचे रबरी बेलोज (सांध्यातून पाणी आत येऊ न देणारी घड्यांची नळी) आणि इम्पेलर (पाणी ओढणाऱ्या पंपाचं चक्र), एवढं किमतीतून कापून घेतलं. आकडा लिहीत नाही, घरचेही वाचतात. एवढंच सांगतो की बोटीच्या किमतीच्या तिसऱ्या हिश्शाएवढे पैसे वेगळे काढले होते आणि ते सगळे लागले. एप्रिल-मे खरेदीला चांगला. पावसाळ्याआधी बोट बाहेर काढून चार महिने यार्डाचं भाडं भरण्यापेक्षा मालक ऐकून घेतो. कागदांत नोंदणी, विक्रीची ना-हरकत आणि बाहेरून आलेली बोट असेल तर कस्टमची मूळ कागदपत्रं मागा, आणि दोन्ही इंजिनांचे नंबर स्वतः वाचून ताडून घ्या. उजव्याचा नंबर वाचायला मी टॉर्च दातांत धरून अर्धा तास उलटा लटकलो होतो.

वाहतूक. बोट आठ फूट रुंद असल्याने लोबेड ट्रेलरवर रस्त्याच्या 2.6 मीटरच्या मर्यादेत बसली. साडेआठ फुटांपर्यंतही जेमतेम बसते, त्यापुढे खास परवानगीचा घोळ. यार्डात लाकडी घोडा करून घेतला. त्याचे आधार बोटीच्या आतल्या कण्यांखाली आले पाहिजेत, नाहीतर साडेआठशे किलोमीटरच्या दणक्यात तळ दबतो. वरची कमान, काच, अँटेना सोडवून आत ठेवा. वडखळपर्यंतच्या रस्त्यावर झाडांच्या फांद्या आणि वायरी फार खाली आहेत, क्लीनर बांबू घेऊन टपावर बसला होता. समृद्धीवर दुपारी काँक्रीट तापून टायर फुटतात, म्हणून फक्त रात्री चाललो. दोन रात्री लागल्या. जालन्याच्या अलीकडे एका ट्रकवाल्याने शेजारून जाताना ओरडून विचारलं, ‘‘विमान आहे का हो?’’

आता ही बोट गोड्या पाण्यात. तिच्या आउटड्राइव्हवर जस्ताचे अ‍ॅनोड होते, म्हणजे बाकीचा धातू वाचावा म्हणून स्वतः झिजणारे तुकडे. खाऱ्या पाण्यात जस्त ठीक, गोड्या पाण्यात ते कामच करत नाही. तिथे मॅग्नेशियमचे लागतात. आम्हाला हे वर्षभराने कळलं असतं तर ड्राइव्हला खड्डे पडले असते. नागपूरच्या उन्हात रबर भराभर तडकतं. बेलोज फाटला तर बोट उभ्या जागी पाणी पिऊन बुडते, म्हणून बोट ठेवताना ड्राइव्ह खाली सोडून ठेवा, रबर ताणलेलं राहत नाही.

एका गोष्टीवर मिस्त्रीशी माझं भांडण झालं. उजव्याचा अल्टरनेटर कमी चार्ज करत होता आणि त्याला इतवारीतून ट्रकचा आणून बसवायचा होता. ‘‘सेम टू सेम आहे.’’ दिसायला आहे. पण बोटीच्या इंजिनखान्यात पेट्रोलची वाफ साठते, जमिनीवरच्या गाडीसारखी उडून जात नाही. बोटीचा अल्टरनेटर, स्टार्टर ठिणगी बाहेर पडू नये असे बनवलेले असतात. ट्रकचा तसा नसतो. इथे जुगाड नाही. आणि स्टार्ट मारण्याआधी ती वाफ बाहेर काढणारा ब्लोअर चार मिनिटं चालवायचा, घड्याळ लावून, कितीही पाहुणे खोळंबले असले तरी.

पेट्रोल. पूर्ण थ्रॉटलला असं एक इंजिन तासाला शंभर लिटरच्या जवळ पितं, दोन मिळून दोनशे. शंभरीच्या वरच्या पेट्रोलने हिशेब करा आणि पाणी प्या. आम्ही वीस मिनिटं पळवतो आणि मग दोन तास किनाऱ्यावर बसून तिच्याबद्दल बोलतो. शिवाय पंपावरच्या पेट्रोलमधलं इथेनॉल हवेतली ओल ओढतं. टाकी अर्धी ठेवून पावसाळाभर विसरलात तर तळाशी पाणी बसेल. एकतर पूर्ण रिकामी, नाहीतर जवळजवळ भरलेली. जुने रबरी पाइप आम्ही पहिल्याच महिन्यात सगळे बदलले.

पाण्यात उतरवायला रॅम्प नव्हता, हायड्रा क्रेन बोलावली. पट्ट्यांच्या मध्ये वर आडवा लोखंडी बीम लावायला सांगा, नाहीतर उचलताना पट्टे बोटीच्या कडा आत दाबतात. उन्हाळ्यात धरणाचं पाणी उतरलं की बुडीतातल्या झाडांची खोडं वीतभर पाण्याखाली येतात. मेहुण्याने डोंग्यातून फिरून मार्ग आखून बांबू रोवले. तरी जूनमध्ये डावा पंखा एका खोडाला लागलाच. दोन्ही पंखे उलटसुलट फिरतात, म्हणून डाव्याला उजव्याचा चालत नाही. स्पेअर घ्यायचा तर दोन्ही घ्या.

मे महिन्यात कुणी मांडव्याला जाणार असेल तर कॉम्प्रेशन गेज माझ्याकडून घेऊन जा, वाडीत ठेवलं आहे. फक्त परत आणून द्या. मागचं एक जण घेऊन गेला, त्याने बोटही घेतली, आता फोन उचलत नाही.